पिशवी वरच राहिली

माझ्या नातीने, रोमिनाने, शाळेची यादी माझ्या मशीनवर आणून ठेवली ती थेट सुईखाली. मी पायडल दाबलं असतं तर कागदालाच टीप बसली असती. कांजिण्यांमुळे ती आठ दिवस घरी होती, तोंडभर गुलाबी औषधाचे ठिपके घेऊन घरभर फिरत होती आणि माझा जीव नकोसा करून सोडत होती. यादी तिच्या बाईंनी शेजारच्या मुलीबरोबर पाठवली होती. मी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. 'घरातली आणीबाणीची पिशवी' असं वर ठळक लिहिलेलं, खाली पाण्याची बाटली, टॉर्च, शिट्टी, बिस्किटं, कागदपत्रांच्या नकला, आजीआजोबांची औषधं अशी एकेक चित्रं. आणि सगळ्यात खाली, चौकटीत: 'कशासाठीही परत वर जाऊ नये.' ती ओळ मी वाचली आणि माझा पाय पायडलवरून आपोआप निघाला. भर बाजारात कुणी मागून नाव घेऊन हाक मारावी तसं झालं. "आपल्याकडे पिशवी का नाही?" रोमिना विचारत होती. "सगळ्यांकडे असते. आपल्या इमारतीतल्या मास्तर एवारिस्तोंच्या तर पोपटाचीसुद्धा वेगळी आहे." "पोपटाला पाय छोटे असतात," मी म्हटलं. "आपले मोठे आहेत. आपण नुसतं खाली उतरायचं." "पण उद्या अकरा वाजता भूकंपाचा सराव आहे, आणि बाईंनी पिशवीचा फोटो मागितलाय." मी हातातला गणवेशाचा स्कर्ट उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. "कोपऱ्यावरून एक विकत आणू," मी म्हणाले. "तुझ्या आवडीच्या रंगाची."

पिशवी होती. कपाटावर, जुन्या पडद्यात गुंडाळून, सात वर्षं तशीच होती. ती मी रोमिनाच्या जन्माच्या वर्षी शिवली, ट्रकवर टाकायच्या जाड कापडाच्या उरलेल्या तुकड्यातून. सुई दोनदा मोडली. तीन खिसे, पाठीवर अडकवायला दोन पट्टे, आणि पट्टा जिथे पिशवीला बसतो तिथे चौकोन काढून त्यात फुली, अशी दुहेरी टीप. मी चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवते आहे. माझी टीप सुटत नाही, हे या वस्तीतल्या आया एकमेकींना सांगतात आणि मला ते ऐकायला आवडतं. खोटं कशाला बोलू. पंच्याऐंशी साली मोठा भूकंप झाला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आम्ही रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर आलो ते तीन दिवस तसेच, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या वर राहिल्या, घराचे कागद वर राहिले, आणि तिसऱ्या दिवशी आई फूटपाथवर बसल्या बसल्या म्हणाली, नुसती एक पिशवी हाताशी असती तर! त्यानंतर ती जास्त दिवस जगली नाही. म्हणून माझ्या घरात पिशवी असायचीच. लोक दर सप्टेंबरात स्वातंत्र्यदिनाचे झेंडे काढतात, मी पिशवी काढायची. जुने सेल टाकून नवे भरायचे, बिस्किटं बदलायची, आणि रोमिना आल्यावर तिचे कपडे बदलायचे, कारण पोर काही गेल्या सप्टेंबराएवढी राहत नाही. युनुएन, माझी लेक, दारात टेकून माझ्याकडे बघत हसायची. "आई, भूकंप आला तर पिशवी खाली पोचेल, आपण तिच्या मागून येऊ." युनुएन तशीच होती. कुठलीही गोष्ट हसण्यावारी न्यायची, नवरा सोडून सीमेपलीकडे उत्तरेला गेला तेव्हासुद्धा चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी त्याच्या शर्टांच्या उशा करून घेतल्या माझ्याकडून.

सात वर्षांपूर्वी, त्या दिवशीही अकराला सराव झाला होता. भोंगा वाजला तेव्हा मी आधीच खाली, दारात, दूधवाल्याशी बोलत होते. तेव्हा आम्ही इथून दोन गल्ल्या पलीकडे राहायचो, चौथ्या मजल्यावर. एकेक बिऱ्हाड उतरत होतं. युनुएन उतरली ती ओल्या केसांनी, कडेवर दोन वर्षांची रोमिना, पायात एक माझी चप्पल आणि एक तिची, शेजारच्या चेलोबाईंशी, सगळे तिला दोन्या चेलो म्हणत, कसलं तरी खिदळत. "पिशवी कुठाय?" मी विचारलं. "अगं आई, सराव आहे." "सरावाला विसरतेस, मग खऱ्याला काय आणशील? डोकं तरी आणशील का?" लोक हसले. मी एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लोक हसले की मला चेव येतो, हा माझा जुना रोग. "एकतीस वर्षांची घोडी झाली. पोरीचे लंगोट कोण आणणार, नगरपालिका?" युनुएनचे कान लाल झाले. लहानपणीही आधी कानच लाल व्हायचे, मग डोळे. तिने रोमिनाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वर गेली. आता मला कळतं की मला पोरीच्या लंगोटांची काळजी नव्हती. सगळी बिऱ्हाडं खाली जमली होती आणि माझ्या हातची पिशवी कुणाला दिसली नव्हती, ते मला लागलं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस तोंड सोडतं.

दुपारी सव्वाच्या सुमाराला मी रोमिनाला घेऊन तोर्तियाच्या, मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानी रांगेत उभी होते. दुकानदारीणबाईने तिच्या हातावर मीठ लावून एक गरम तोर्तिया ठेवली होती, ती गुंडाळी करून चोखत होती. भोंगा आणि हादरा एकदमच आले. रांगेतल्या एकीला तर सकाळचाच सराव पुन्हा घेतायत असं वाटलं, ती म्हणालीसुद्धा, आता किती वेळा! मग जमीन आडवी सरकायला लागली. मी विजेच्या खांबाला एका हाताने मिठी मारली, दुसऱ्या हाताने पोर छातीशी धरली, आणि पोरीने तोर्तिया सोडली नाही, हे मला अजून दिसतं. थांबलं तेव्हा आमच्या गल्लीच्या बाजूला धूळ उठलेली होती. मी धावले. आमच्या इमारतीची पुढची बाजू उभी होती, खिडकीत माझी जिरेनियमची कुंडीही होती. मागची बाजू, जिना होता ती, नव्हती. त्यानंतर दीड दिवस मी समोरच्या फूटपाथवर. माणसं हातांनी ढिगारा उपसत होती, बादल्यांची रांग लागली होती, आणि मध्येच कुणीतरी मूठ वर करायचं. मग एकेक करत सगळ्या मुठी वर जायच्या आणि सगळी गल्ली गप्प व्हायची, आतून कुणाचा आवाज येतो का ऐकायला. त्या शांततेत मी शिट्टीची वाट बघायची. पिशवीच्या बाहेरच्या खिशात मी शिट्टी ठेवली होती. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की पिशवी तिच्याजवळ आहे. नुसती आशा होती. शिट्टी वाजली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेल्मेट घातलेल्या एका बाईने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाली, ही तिच्या खांद्याला होती. मी काय केलं असेल? मी पट्टा चाचपला. माझी लेक गेली होती आणि मी पट्टा चाचपत होते. एक टाका उसवला नव्हता. शिट्टी खिशातच होती, हरवू नये म्हणून मी दोऱ्याने बांधलेली, माझी गाठ तशीच. डॉक्टर म्हणाले, काही कळायच्या आत गेली. मी त्यावर विश्वास ठेवला, ठेवावाच लागतो.

पिशवी तिच्या खांद्याला का, हे मला दोन महिन्यांनी कळलं. दोन्या चेलो तेव्हा बहिणीकडे राहायला गेली होती. मला कॉफीला बोलावलं आणि कपाला हात न लावता रडायलाच लागली. "मी तिला दारापर्यंत आणलं होतं, होविता. हाताला धरून. दारापर्यंत! हादरे बसतच होते. आणि दारात तिने हात सोडवला. म्हणाली, अगं बाई, पिशवी वरच राहिली, आई परत ओरडेल. आणि हसली बघ, जीभ चावून हसली, आणि गेली वर." मी कॉफी पिऊन टाकली, तिचीही प्याले. बस पकडून घरी आले. दोन्या चेलो मागल्या वर्षी वारली. आता ते वाक्य या शहरात फक्त माझ्याजवळ आहे. रोमिनाला मी सांगत आले, तुझ्या आईला खाली यायला वेळ मिळाला नाही. सोपं वाक्य आहे, आणि पोरीने ते पाढ्यासारखं पाठ केलं.

दुपारी मी कोपऱ्यावर जाऊन एक निळी पिशवी घेऊन आले तर घरात स्टूल कपाटाशी, जुना पडदा जमिनीवर, आणि रोमिना मधोमध मांडी घालून बसलेली. पुढे सगळं मांडलेलं. टॉर्च, ट्यूनाचा डबा, त्याला पोचाही नव्हता, रबरात गुंडाळलेले कागद, आणि दोन फ्रॉक, एक स्वेटर, चार लंगोट, बोटभर मोजे. "आजी, आपल्याकडे होती की! तू खोटं बोललीस." मी पिठाची पिशवी खाली ठेवावी तसं स्वतःला पलंगावर ठेवलं. "ठेव ते जागेवर." "हे कुणाचे कपडे?" "तुझे." "एवढीशी होते मी?" तिने मोजा अंगठ्यात घातला, नाचवला. मग तिचं लक्ष पिशवीच्या कोपऱ्यांकडे गेलं, शिवणीत सिमेंटची करडी भुकटी होती, ती नखाने काढून बघायला लागली. "ही कुठली धूळ?" मला दुसरं काहीही सांगता आलं असतं. पण त्या यादीने सकाळपासून माझं डोकं खाल्लं होतं. "ती तुझ्या आईच्या खांद्याला होती," मी म्हणाले. आणि मग बांध फुटल्यासारखं पुढचंही निघून गेलं. "ती खाली आली होती. परत वर गेली." रोमिनाने यादीकडे पाहिलं नाही, तिला ती पाठ होती. "पण परत वर जायचं नसतं." "हो." "मग का गेली?" तिने पिशवीकडे पाहिलं, कपड्यांकडे पाहिलं, आणि ठिपक्याठिपक्यांचा चेहरा वर करून विचारलं, "माझ्यासाठी? माझ्या कपड्यांसाठी गेली आई?"

मी हो म्हणाले. तोंडातून नीट शब्दही फुटला नसेल, मान हलवली असेल, पण ते हो होतं. तिने समोर दार उघडून धरलं आणि मी आत शिरले. सात वर्षं जे ओझं मी एकटी वाहत होते ते नऊ वर्षांच्या पोरीच्या पाठीवर टाकून मी मोकळी झाले, आणि खरंच सांगते, क्षणभर मोकळं वाटलंसुद्धा. त्याची लाज मला आयुष्यभर पुरेल. रोमिनाने एकेका कपड्याची घडी घातली, मी शिकवते तशी, बाही आत, कडेला कड. संध्याकाळी घेवड्याची उसळ पुढ्यात ठेवली तर चमचा फिरवत राहिली. "भूक नाही?" "नाही." मग थोड्या वेळाने, "आजी, तिला आपण काही दिलं होतं का? मी, म्हणजे. मी तिला कधी काही दिलं होतं का?" "तू दोन वर्षांची होतीस." "तरी." मी म्हटलं, "तिला तू खडे द्यायचीस. रस्त्यावरचे." "आणि ती?" "खिशात ठेवायची." हे खरं होतं. रोमिनाने मान डोलवली. जेवणानंतर तिने पिशवी पुन्हा भरायला घेतली. निळी नको म्हणाली, हीच हवी. टॉर्चमध्ये नवे सेल घातले, बिस्किटं घातली, लहान कपडे काढून स्वतःचे आताचे ठेवले, पण एक मोजा राहू दिला. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी अर्धी कापून मागितली, मी दिली. शिट्टीची माझी गाठ तिने दातांनी सोडली. मी बघत होते आणि माझ्या मनात येत होतं, आता सांग. भांडी घासताना सांग. केस विंचरताना सांग. तिच्या पाठीला औषध लावताना, निदान ती पाठमोरी आहे तोवर तरी सांग. सांगितलं नाही. पिशवी तिने दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

सकाळी मी ठरवलं की सराव उरकला की सांगायचं. कायम असंच असतं, काहीतरी उरकायचं असतं. अकराला खांबांवरचे भोंगे एकदम बोंबलायला लागले. मी रोमिनाचा हात धरला आणि जिन्याला लागले. पिशवीकडे मी मुद्दामच बघितलं नाही, राहू दे खिळ्याला, मनात म्हटलं. माझा गुडघा जिन्यात कुरकुरतो. दुसऱ्या मजल्यावर वरून येणाऱ्यांची गर्दी झाली, कुणाची तरी म्हातारी मध्ये आली, आणि रोमिनाचा हात सुटला. मला वाटलं ती पुढे गेली. खाली रस्त्यावर मास्तर एवारिस्तो, निवृत्त चित्रकलेचे मास्तर, हिरवं जाकीट घालून, एका हातात पोपटाचा पिंजरा आणि दुसऱ्या हातात कर्णा घेऊन उभे. "पहिला मजला, आला! दुसरा मजला, अहो गप्पा नंतर! दोन्या होविता, तुमची जग्वार कुठाय, ठिपक्यांची?" मी पुढे पाहिलं. फूटपाथवर पाहिलं. "रोमिना?" भोंगा अजून वाजत होता. "रोमिना!" दारातून लोक यायचे थांबले होते. दार नुसतं उघडं होतं, आत अंधारा जिना. कुणी विचारलं तर सांगता येणार नाही किती वेळ गेला. एक मिनिट असेल. त्या मिनिटात मी पुन्हा त्या समोरच्या फूटपाथवर होते, मुठी वर होत्या, आणि मी ऐकत होते.

मग ती आली. शेवटची, एकटी, धापा टाकत, पाठीवर पिशवी, आणि चेहरा असा की जणू बक्षीस मिळालंय. "आजी, पिशवी वरच राहिली होती! मी दुसऱ्या मजल्यावरून परत गेले." "शाब्बास!" मास्तर कर्ण्यातून ओरडले. "याला म्हणतात तयारी! टाळ्या वाजवा बरं पोरीसाठी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोपटही ओरडला. रोमिना माझ्याजवळ आली आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्या गोळ्या आहेत ना त्यात. आई माझ्यासाठी गेली होती, मी तुझ्यासाठी गेले."

मी फूटपाथच्या कडेला बसले. दोघीचौघी धावल्या, कुणी साखर आणायला सांगितली, मास्तर पाव घेऊन आले, भीती बसली की आमच्याकडे हा पाव, बोलियो, खातात, म्हणून त्यांनी सरावासाठीसुद्धा टोपलीभर आणून ठेवले होते. "खा, दोन्या होविता, पोटात भीती उतरलीय तुमच्या." "मास्तर, तो कर्णा जरा बंद करा," मी म्हणाले. मग रोमिनाला समोर ओढलं. दोन्ही पट्टे हातात धरले, चौकोन आणि त्यातली फुली माझ्या अंगठ्याखाली आली. सगळे होतेच गोळा झालेले. तेव्हाही असेच सगळे होते.

"तुझी आई तुझ्यासाठी गेली नव्हती," मी म्हणाले. "मी काल खोटं बोलले. तू माझ्या कडेवर होतीस, तोर्तिया खात होतीस, हे तिला ठाऊक होतं. ती माझ्या भीतीने गेली. सकाळी मी तिला अशीच चारचौघांत बोलले होते, पिशवी विसरलीस म्हणून. दारात ती म्हणाली, आई परत ओरडेल. आणि गेली." माझा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, हळू बोलायला मला येतच नाही. गोळा झालेल्या बायका एकेक पाऊल मागे सरल्या. मास्तरांनी पिंजरा जमिनीवर ठेवला. रोमिना माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं होतं ती रागावेल, मारेल मला, मी तयार होते. तिचे कान लाल झाले.

"म्हणजे माझ्यासाठी नाही," ती म्हणाली.

"नाही."

एवढंच होतं तिच्याजवळ आईचं, कालपासून. तेही मी काढून घेतलं. तिने खांद्यावरून एक पट्टा काढला, मग दुसरा, आणि पिशवी रस्त्यावर ठेवली. आपटली नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर, कडेला बसली. मास्तरांनी तिच्या हातात पाव दिला होता, तो ती धरून राहिली. लोक वर जायला लागले, सराव संपला होता. गाड्या पुन्हा सुरू झाल्या. "रोमिना," मी म्हणाले, "भोंगा वाजला की उतरायचं. परत यायचं नाही. पिशवीसाठी नाही, कशासाठी नाही. कबूल कर." तिने पावाची कड कुरतडली. "आणि तू वर असलीस तर?" "तरी नाही." ती रस्त्यावरच्या पिशवीकडे बघत होती. "तू हाका मारशील," ती म्हणाली. "तू ओरडशील मला."

"हो," मी म्हणाले. "ओरडेन. तू ओरडू दे मला."

तिने पाव मोडला. अर्धा माझ्याकडे केला, माझ्याकडे न बघता, आणि मी तो घेतला.